दोन तारखांच्या मधली पेज

पोटाला घड्याळ कळत नाही असं ज्याला वाटतं, त्याने मस्तुराचा एक महिना जगून बघावा. पहिला आठवडा सकाळची पाळी, दुसरा दुपारची, तिसरा रात्रीची, आणि चौथ्यात पुन्हा पहिल्यापासून. हातमोज्यांच्या कारखान्यात सोळा वर्षं हेच चाललं होतं. आताशा तिच्या पोटाचा कुठल्याच पाळीवर भरवसा उरला नव्हता. पहाटे तीनला त्याला भात हवा असायचा, दुपारी जेवायच्या वेळी मळमळायचं, आणि कुठे दहा मिनिटं टेकायला मिळालं की गोड आठवायचं.

एरवी याचं कुणाला काही वाटलं नसतं. मलेशियात, केडा प्रांतातल्या त्या टापूत, भातखाचरांच्या मधोमध उभ्या राहिलेल्या कारखान्यांत, पाळीवाल्या बायका वर्षावर्षाला रुंद होत जातात आणि एकमेकींना चिडवून वेळ काढतात. पण मस्तुराला सहा किलो उतरवायचे होते, तेही भाताच्या कापणीच्या आत. धाकट्या बहिणीला, हस्निदाला, तिला स्वतःची किडनी द्यायची होती. रक्तगट जुळला, बाकीचंही सगळं जुळलं, आणि मग डॉक्टरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तुमची साखर काठावर आहे आणि वजन जास्त. अशा बाईची किडनी मी काढणार नाही. कापणीपर्यंत सहा किलो कमी करून या, मग बोलू."

खाचरांत तेव्हा रोपं वीतभर होती.

आहारतज्ज्ञ मिस ऊई ही हाडकुळी, गोड बोलणारी मुलगी. तिने एक वही दिली. तारखेला एक पान, तोंडात जाईल ते सगळं लिहायचं, दिवसाला पंधराशे कॅलरी. मस्तुराने निमूटपणे मान डोलावली. पंधराशे ठीक आहे, पण दिवस म्हणजे नक्की कुठून कुठपर्यंत, हे विचारायचं तिला सुचलं नाही.

घरात दोघीच. आई गेली तेव्हा मस्तुरा एकवीस वर्षांची होती आणि हस्निदा, घरातली निदा, नऊ. आता निदा एकतिसाची, घरी बसून शिवणकाम करायची. आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जायची आणि दिवसभरात अर्धा लिटर पाण्यावर राहायची. तिच्या बाटलीवर तिने शिवणाच्या खडूने रेघा मारल्या होत्या, सकाळ, दुपार, संध्याकाळ. वजनकाटाही मुळात तिचाच. रोज सकाळी दोघी आळीपाळीने त्यावर उभ्या राहायच्या. एकीचं वजन पाण्याने वाढायचं, दुसरीचं भाताने.

"कक, तुझी पाळी," निदा म्हणायची. कक म्हणजे ताई. "श्वास रोखून धरलास तरी काटा फसत नाही."

रात्रपाळी मस्तुराला खरं तर आवडायची. साखळीवर चिनीमातीचे हजारो पांढरे हात, मोज्यांचे साचे, खाली बोटं करून सरकत यायचे, रबराच्या चिकात बुडायचे, दुधात भिजल्यासारखे वर यायचे आणि वाफेत शिरायचे. मस्तुराचं काम त्यांच्याकडे बघत राहायचं. कुठे बुडबुडा, कुठे डाग. दोन वाजून गेले की ते हात कारखान्याचे राहायचे नाहीत. कुणीतरी निरोप घेतंय असं वाटायचं, कधी कुणीतरी काही मागतंय असं. आईचा हातही त्यांत एकदा जाताना दिसला. तिला अजिबात भीती वाटली नाही. हात गेला, चिकात बुडाला आणि वर आला, एवढंच.

तीनला कँटीन. तिथे कनगा आधीच जागा धरून बसलेली असायची. कनगा तिची चौदा वर्षांची मैत्रीण, तोंडाने फटकळ, मनाने त्याहून फटकळ.

"ये गं, डाएटवाली. तळलेला भात संपत आलाय."

मस्तुरा खायची. वर दाट दुधाचा गोड चहा. घरी येऊन वही उघडली की आदल्या तारखेचं पान संध्याकाळच्या भाजीवर संपलेलं असायचं आणि नवं पान झोपून उठल्यावर सुरू व्हायचं. तीन वाजताचा भात दोन्ही पानांत बसत नव्हता. तिने तो कुठेच लिहिला नाही. ती लबाडी करत नव्हती. सोळा वर्षं पाळीत काढलेल्या बाईला झोपेच्या आधी काल आणि झोपेच्या नंतर आज, एवढंच कळतं.

महिन्याने मिस ऊई वहीकडे आणि काट्याकडे आळीपाळीने बघत राहिली. "वहीप्रमाणे तुमचे तीन किलो जायला हवे होते. निम्मेच गेलेत. रात्रपाळीत काही खात नाही तुम्ही?"

"खाते की. भात खाते."

"मग लिहिला का नाही?"

"कुठल्या तारखेत लिहू?"

मिस ऊई इतकी हसली की बाहेरचा शिपाई डोकावला. नंतर तिने पट्टी घेतली आणि दर दोन पानांच्या मध्ये एकेक पट्टा आखून दिला. "हा तुमच्या रात्रीचा. इथे लिहा. आणि तो भात बंद. दोन उकडलेली अंडी, काकडी. घरी जाऊन पातळसं काही खा आणि झोपा."

त्या दिवसापासून कनगासमोर बसून मस्तुरा काकडी चावू लागली. "गाईसारखी दिसतेस," कनगा म्हणायची, पण स्वतःचा भातही ती जरा बाजूला वळून खाऊ लागली.

सकाळच्या आठवड्यात काटा उतरला. दुपारच्या आठवड्यात आणखी उतरला. मग रात्रीचा आठवडा आला आणि काकडी खाऊनही किलोभर परत चढलं. खाचरांतला भात गुडघ्याएवढा झाला. अजून साडेतीन किलो बाकी होते आणि मस्तुराला पहिल्यांदा धास्ती वाटली. डायलिसिसवरून निदा यायची तेव्हा तिचे ओठ पांढरे असायचे. मस्तुराला वाटायचं, आपल्याच अंगातल्या चरबीने आपण हिला मारणार.

"रात्री शरीर हट्ट करतं कधीकधी," मिस ऊई म्हणाली, पण तिच्याही आवाजात दम नव्हता.

सकाळी साडेसातला बस तिला खाचरांच्या कडेला सोडायची. धुक्यात बगळे उभे असायचे. ते खरे की डोळ्यांतली झोप, हे तिला नीट कळायचं नाही. घरात टेबलावर जाळीच्या झाकणाखाली, रात्रपाळीत नेहमी असायचा तसा, पेजेचा वाडगा असायचा, कोमट. मस्तुरा अर्धे डोळे मिटूनच खायची. तोंडाला चव नसायची, चिकाचा वास नाकात बसलेला असायचा. पेज पोटात गेली की अंग कसं मऊ, जड होत जायचं आणि कुणीतरी मांडीवर डोकं घेतल्यासारखं वाटायचं.

"कसली आहे गं?"

"साधी. पाणी, तांदूळ, मीठ. लिही आणि झोप."

मस्तुरा मधल्या पट्ट्यात लिहायची, साधी पेज, एक वाडगा. मग दिवसभर खिडकीच्या पडद्याआड झोपेत पांढरे हात सरकत राहायचे.

तिसऱ्या रात्रपाळीच्या आठवड्यात, तिसऱ्या रात्री, टाकीतला चीक दुधासारखा फाटला. साखळी थांबली. हात जिथल्या तिथे लटकत राहिले. पर्यवेक्षकाने पाचला सगळ्यांना बसमध्ये घातलं. मस्तुरा उतरली तेव्हा अजून उजाडायचं होतं आणि स्वयंपाकघरात दिवा होता.

निदा खवणीवर बसली होती. समोर ओल्या खोबऱ्याचा ढीग, मांडीवर फडकं. ती खोवलेलं खोबरं फडक्यात घालून पिळत होती आणि घट्ट दूध थेट पेजेच्या पातेल्यात पडत होतं. मनगटापर्यंत तिचा हात पांढरा झाला होता. रात्रभर बघितलेला एखादा हात आपल्यामागून घरी आला असं मस्तुराला वाटलं. मग ती पूर्ण जागी झाली.

निदाने हात लपवला नाही.

"कधीपासून?"

"वही आणलीस तेव्हापासून. फक्त रात्रपाळीत. तेव्हा तुला चव कळत नाही."

नारळाचं दूध निदाच्या किडन्यांना विषासारखं होतं, एक चमचाही चालत नव्हता. त्या पेजेची चव घरात घेणारं दुसरं कुणीच नव्हतं.

मस्तुराला राग आला. लटका नाही, खरा. "मी काकडी खातेय गं. कनगासमोर बसून, गाईसारखी. आणि तू..."

"माहितेय."

"तुला जगायचं नाही का?"

"जगायचंय." निदाने फडकं घट्ट पिळलं. "पण तुझ्यातलं कापून नको. आई गेल्यावर तुझं शिक्षण गेलं माझ्यापायी, लग्न गेलं. आता पोट फाडून आणखी काय देणार आहेस? मशीनवर चार तास पडून मी छत बघते ना, दरवेळी तेच दिसतं. तू शेजारच्या खाटेवर आहेस आणि मी हाक मारतेय आणि तू उठत नाहीस. तू कामावरून येऊन उभ्याउभ्या पेलाभर पाणी पितेस, ते मी रोज बघते. घटाघटा पितेस. ते बघून मला बरं वाटतं. घरात एक माणूस तरी तहान भागेपर्यंत पिणारं राहू दे."

मस्तुरा खुर्ची ओढून बसली.

"ते पाणी मी तुझ्यासमोर पिते, कारण चोरून प्यायले तर तुला कळेल आणि जास्त लागेल. एकेक घोट अडकतो घशात, निदा. सोळा वर्षं मी तिथे हात बघत उभी राहते आणि दोन वर्षं एकच विचार करते. आपण दोघी इथे बसून एकदम पाणी पिणार. एकेक पेला. रेघा नाहीत. मला दुसरं काही नकोय."

तिने पिशवीतून वही काढली आणि खोबऱ्याच्या ढिगाशेजारी ठेवली. "यात मी नकळत खोटं लिहिलंय. आता तू लिही." आणि काही न खाता ती आत जाऊन पडली.

दुपारी जाग आली तेव्हा घरात शिवणयंत्राचा आवाज नव्हता. निदा डायलिसिसला गेली होती. पातेलं घासून पालथं घातलेलं. वही टेबलावर उघडी होती. तारखांच्या मधल्या प्रत्येक पट्ट्यात, आणि पट्टे नव्हते तिथे समासात, निदाच्या बारीक नीटस अक्षरात एकच ओळ होती. नारळाचं घट्ट दूध, दोन वाट्या, मी घातलं. चौदा वेळा. मस्तुराने बोट ठेवून चौदाही वाचल्या आणि ती रडली.

संध्याकाळी निदा आली ती दमून थेट झोपली. मस्तुरा पाळीवर गेली. साखळी पुन्हा चालू झाली होती. तिने हात बघितले, काकडी खाल्ली, कनगाला काही सांगितलं नाही. बसमध्ये तिला झोप लागली नाही. खाचरांत लोंब्या बाहेर पडायला लागल्या होत्या. कापणीला महिना होता.

टेबलावर जाळीचं झाकण होतं. पलीकडे निदा तिची रेघांची बाटली घेऊन बसली होती. मस्तुराने झाकण उचललं आणि पहिला घास तोंडात घेतला. नुसतं कोमट पाणी, तळाला चार शितं.

"कशी झालीय?" निदाने विचारलं. ती तिच्याकडे बघत नव्हती.

"आळणी."

"मीठ घालू?"

"नको."

मस्तुराने वाडगा निपटून खाल्ला. निदाने वही ओढली, मधल्या पट्ट्यात लिहिलं, साधी पेज, एक वाडगा, आणि वजनकाटा पायाने ककच्या बाजूला सरकवला.