हलणारा वाडा

तो आठवडा प्रियदर्शनीच्या अंगावर मेंढरांच्या कळपासारखा चालून आला होता. सोमवारी चाचणी झाली, बुधवारी सेमिनार होता, आणि शुक्रवारी चारच्या आत एम.ए.चा प्रबंध जमा झाला नाही तर वर्ष जाणार होते.

मंगळवारी मार्गदर्शक देवयानी मॅडमनी प्रबंधाचा मसुदा परत केला. ‘आमचा वाडा दर चार दिवसांनी हलतो’ या वाक्यासमोर पेन्सिलीने लिहिले होते: वाडा कसा हलेल? तपासा.

वाडा म्हणजे मेंढरांसह माळावर उतरलेले आपले सारे बिऱ्हाड, हे सांगायला तिची जीभ रेटली नाही. दोन दिवस ती त्या प्रश्नचिन्हाखाली वाकून वावरली. गुरुवारी तिने छत्तीस ठिकाणचा ‘वाडा’ पुसून ‘तळ’ लिहिला. तरी तो शब्द खटकतच राहिला, म्हणून तिने धुळाला, आपल्या वडिलांना, फोन लावला.

“आबा, वाड्याला तळ म्हणलं तर चालंल का?”

“तळ फौजंचा असतोय की,” धुळा म्हणाला. “वाड्यात चूल असती. तुझा जलम काय तळावर झालाय व्हय?”

शुक्रवारी ‘वाडा’ छत्तीस ठिकाणी परतला होता. ‘तळ’ उरला तो फक्त वाड्याचा अर्थ सांगणाऱ्या तळटीपेत. जुन्या मसुद्यासह तिने प्रबंध मॅडमच्या टेबलावर ठेवला.

मॅडमनी तळटीप दोनदा वाचली. मग खोडरबर घेऊन मसुद्यावरची आपलीच ओळ सावकाश पुसली.

“आत्ता कुठे आहे तुमचा वाडा?”

“माढ्याजवळ आहे, मॅडम. उद्या नसेल.”