छत्रीचं गाणं

त्या छत्रीच्या गाण्यानं माझं डोकं उठवलं होतं. "उघड ना छत्री, उघड ना गं!" एवढंच काय ते. मग दोन ओळींचं कडवं, थोडी टिंगटिंग, की पुन्हा छत्री. दिवसातून शंभर वेळा! मी शिलाई कारखान्यात सुपरवायझर, आणि माझी धाकटी जाऊ तिथंच कॉलर लावते. तिनंच तीन महिन्यांपूर्वी स्पीकर आणून कारखान्याच्या खिडकीत ठेवलेला. घरी भांडी घासताना डोक्यात छत्री, आंघोळीला गेलं तरी छत्री. नवरा म्हणाला, "झोपेतसुद्धा काहीतरी उघडायला सांगत होतीस."

सोमवारी माझं टाळकं सटकलं. वायर हिसकली आणि स्पीकर कपाटात कोंडला.

"अहो जाऊबाई, असं काय करता?"

"इथं शिवायला येतो, नाचायला नाही."

माझ्या लाइनीतल्या बाराही जणींनी तोंडं पाडली. मला मात्र कोण आनंद!

शनिवारपर्यंत शाळेच्या गणवेशाचे पंधराशे शर्ट जायचे होते. चुकलं तर ही लाइन बंद आणि तुम्ही सगळ्या घरी, असं मालकानं स्पष्ट बजावलेलं. पण रोज तीनशे निघायचे, त्यामुळे मी निवांत होते.

सोमवारी निघाले दोनशे. मंगळवारी एकशे ऐंशी! बाहीवालीपुढे हा ढीग, तर तिच्या पलीकडची हातावर हात धरून बसलेली. माझा नुसता जळफळाट झाला.

"मुद्दाम करताय ना गं?"

काजं करणारी मावशी आमच्यात सगळ्यांत जुनी. तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. "नाही गं बाई. हात चालत नाहीत. शर्ट पुढे कधी द्यायचा तेच कळत नाही."

"म्हणजे?"

"'उघड ना' आलं की शेजारणीला द्यायचा. तोवर आपलं काम संपवायचंच. कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं."

मी खुर्चीत बसलेच. तीन महिने घड्याळ घेऊन यांच्या डोक्यावर उभी, आणि हे मला दिसू नये? बारा जणींना एका दमात चालवणं मला दहा वर्षांत जमलं नव्हतं. हे गाणं लिहिणाऱ्या कुणा अनोळखी माणसानं चार ओळींत ते करून दाखवलं होतं. त्याचे पाय धुवून पाणी प्यावं!

बुधवारी सकाळी स्पीकर काढला, तर मुका. माझ्याच हिसक्यानं गेलेला. फोनवर लावलं, पण मशिनींच्या घरघरीत ते कुणाला ऐकू जाणार? "मग तोंडानं म्हणा गं," मी म्हटलं. छत्री सगळ्यांना येत होती, कडवं मात्र एकीलाही नाही. तिथं आल्या की अडखळायच्या, आणि शर्टही अडायचा.

तेवढ्यात कुणीतरी कडवं खणखणीत म्हटलं, एक अक्षर न चुकता. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. अगं बाई, मीच की!

"जाऊबाई, सगळं पाठ?" धाकटी हसून हसून मशिनीवर पडायची बाकी होती.

"पुढे बघ, सुई बोटात जाईल," मी म्हटलं आणि दुसरं कडवं उचललं.

तीन दिवस गात होते. सूर माझा देवाघरी गेलेला, पण शर्ट सरकत होते. शनिवारी दुपारी चाळीस उरले असताना कडव्याला तोंड उघडलं, तर नुसती हवा. घसा पार बसला होता. आता हे अडणार, आणि बारा घरांच्या चुली माझ्या तापटपणापायी विझणार.

पण गाणं थांबलंच नाही. मावशीनं कडवं धरलं, धाकटीनं उचललं, मग बाराही जणींनी. शब्द न् शब्द बरोबर, आणि मी तीन दिवस जिथं जिथं बेसूर झाले होते, तिथं तिथं अगदी तश्शाच बेसूर. पंधराशेवा शर्ट माझ्या हातात आला, तरी त्या गातच होत्या.