लोखंडी श्रोता

या, असे जवळ सरकून बसा, मायबाप. एका काल्याच्या दिवशीची गोष्ट सांगतो. पोटभर हसा, फक्त मधेच उठून जाऊ नका.

अभिमन नानांनी काठीचं टोक त्या लोखंडी छातीवर टकटक आपटून पाहिलं. आतून पोकळ. नानांना वाटलंच होतं.

"हाई काय शे?"

दोंडाईच्याजवळच्या त्या गावात हरिनाम सप्ताहाचा शेवटचा दिवस होता. दहा वाजता महाराज काल्याच्या कीर्तनाला उभे राहायचे होते. आणि मंडपाबाहेर, पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर, सकाळपासून हे ध्यान मांडी घालून बसलेलं! नांगराच्या फाळांचे गुडघे, सायकलच्या साखळीचं मुंडासं. साकिब वेल्डरनं ते घडवलं होतं, गावातल्या पोरांनी बसवलं होतं. शहरात याला कला म्हणतात, असं कोणीतरी नानांना समजावलं. नाना म्हणाले, शहरात उकिरड्यालाही बारसं करून नाव ठेवतात.

नाना बावीस वर्षं टाळकऱ्यांचे पुढारी. महाराजांची गाडी यायच्या आत हे भंगार उचललं पाहिजे, नाहीतर सप्ताहाची शोभा होईल, असं सांगून त्यांनी प्रेमराजला ट्रॅक्टर आणायला पिटाळलं. तोवर चार माणसं जमली होती, म्हणून नानांनाही चेव आला. कान पाहा, सुपाएवढे. पाठ पाहा, पोत्याखाली दबल्यासारखी.

महाप्रसादाची परात घेऊन चाललेली बेबाबाई थबकली. हा तर आपला चिंधा, म्हणाली. मिरचीच्या बाजारातला हमाल, गेल्या पौषात वारला तो.

नाना मोठ्यानं हसले. मंडपाला देणगी देणारे एवढे पडले आहेत गावात, आणि पुतळा कोणाचा, तर हमालाचा! मग ते खाली वाकले आणि त्यांना हवं ते सापडलं. पुतळ्याच्या हातात टाळ होते आणि दोन टाळांच्या मधे पत्र्याची घडी, फडक्यासारखी.

"घ्या. टाळांमधी फडकं. वाजतील कसे? जन्मात टाळ धरला नाही तो वेल्डर टाळ घडवाले बसना."

साकिब हात पुसत पुढे आला. त्याचं दुकान ओट्यासमोरच होतं.

"वाजू नयेत म्हणूनच ते फडकं, नाना."

"म्हणजे?"

"चिंधा आबा दर सप्ताहाला इथेच बसायचे. फडकं घालून कीर्तनभर वाजवायचे. मी विचारलं, तर म्हणाले, माझ्यानं नानांचा ठेका मोडतो."

नानांची काठी जमिनीवर टेकली.

अकरा वर्षांपूर्वी भर मंडपात त्यांनी एका टाळकऱ्याचं मनगट धरून त्याला रांगेतून बाहेर काढलं होतं. पोती उचलायचा हात आहे तुझा, बाहेर बस, म्हणाले होते. सगळे हसले होते. तो माणूसही हसला होता. हा किस्सा नाना दर वर्षी रंगवून सांगत. मंडपातून निघून तो माणूस कुठे बसला, हे मात्र त्यांनी पाहिलं नव्हतं.

प्रेमराजनं ट्रॅक्टर आणून उभा केला आणि दोर कुठे बांधू म्हणून विचारलं. नानांनी नुसता हात हलवला. त्याला काही उमगलं नाही. थोडा वेळ थांबून तो ट्रॅक्टर घेऊन परत गेला.

महाराज आले. मंडपातून नानांच्या नावाचा दोनदा पुकारा झाला. नाना ओट्याच्या कडेला, पुतळ्याशेजारी टेकले होते.

भोंग्यांची तोंडं गावाकडे होती. महाराज काय सांगत होते ते इथे काही केल्या कळेना. नानांनी मान पुढे काढली, कानामागे हात धरला. इथवर येत होता तो नुसता टाळांचा ठेका.

"रोज इथेच?" त्यांनी विचारलं.

"रोज," साकिब म्हणाला.

तर मायबाप, काल्याचा घास हातावर पडेल तेव्हा खाण्याआधी क्षणभर थांबा आणि चिंधा हमालाची आठवण काढा. एवढंच मागणं.