धक्का रायफलीचा नव्हता

माझे दाजी नेमबाज. स्प्रिंगच्या एअर रायफलवर वीस वर्षं बक्षिसं आणली त्यांनी. या मोसमात मात्र एकही स्पर्धा धड गेली नाही, तेव्हा ते रायफल घेऊन माझ्या वर्कशॉपात आले.

"लाथ मारते रे. छर्रा सुटायच्या आतच हलते."

तक्रार अगदीच खोटी नव्हती. घोडा दाबला की आतला पिस्टन सुसाट पुढे जातो, कोंडलेल्या हवेवर आपटून मागे उसळतो आणि परत पुढे आदळतो. छर्रा अजून नळीतच असतो आणि तेवढ्यात हे हिसके बसतात. मी स्प्रिंगचे दोन वेढे कापले, तिच्या आतली दांडी नव्याने घट्ट बसती करून घेतली, चिकट ग्रीस लावलं, जड छर्ऱ्यांऐवजी हलके दिले. उसळी जवळजवळ गेली.

दाजींनी मागच्या बोळात पाच छर्रे मारले. पाच दिशांना पाच.

"अजून आहे."

मी पुन्हा खोलली. असं तीनदा झालं. चौथ्या खेपेला रायफल न्यायला ताई आली. लग्नाआधी तीही नेम धरायची. म्हटलं, "बघ गं जरा मारून." तिच्या पाच छर्ऱ्यांनी कागदावर एकच भोक पाडलं.

तिनं तो कागद घडी घालून पर्समध्ये टाकला.

"हल्ली त्यांची बटणं मीच लावते," ती म्हणाली. "उजवा हात थरथरतो. मला कळत नाही असं वाटतं त्यांना. तू अजून थोडे दिवस बंदुकीलाच दोष दे ना."

दिला. वॉशर मागवलाय, स्प्रिंग बदलतो, अशा थापा मारत आठवडा काढला. मग दाजी स्वतःच आले. माझ्यासमोर छर्ऱ्यांची डबी उघडताना सगळे छर्रे फरशीवर सांडले. ते खाली बसून वेचायला लागले, पण एकही चिमटीत धरवेना.

मला राहवलं नाही. "दाजी, रायफलीत आता काही नाही. हात डॉक्टरला दाखवा."

"तू बंदुका दुरुस्त कर. डॉक्टरकी नको शिकवूस," म्हणाले आणि रायफल तशीच टाकून निघून गेले. ताईनं फोनवर मला चांगलंच फैलावर घेतलं, मग रडली.

तीन आठवड्यांनी तिचाच फोन आला. मेंदूच्या डॉक्टरकडे जाऊन आले होते. कंपवाताची सुरुवात आहे, गोळ्या चालू झाल्यात.

"आणि दाजी?"

"गोळ्या वेळेवर घेतात. तुझं नाव मात्र काढत नाहीत."