चोरखिशातला पंप

मित्रांनो, मी एक जुनी सॅक आहे. सोलापूरच्या भवानी पेठेत शेखलाल टेलरांनी मला शिवलं. विणताना फुलं चुकलेली एक चादर त्यांच्या दुकानात बाजूला पडली होती, त्या चादरीची मी. दुकानातल्या सॅका चकचकीत असतील, पण माझ्यासारखं जाड अंग त्यांना कुठलं? मला न्यायला आलेल्या मॅडमना शेखलाल म्हणाले, "आतून पाठीला चोरखिसा ठेवलाय बघा. त्यो नसंल तर ती पिशवी कसली?" तेवढं एक त्यांनी केलं नसतं तर बरं झालं असतं, असं आता वाटतं.

त्या मॅडम म्हणजे इंद्रायणी. सहावीच्या मुलांना भूगोल शिकवायची. तिला लहानपणापासून दमा, आणि फिरायचं वेड तर त्याहून जुनं. त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत तिनं एकटीनं बांगलादेशला जायचं ठरवलं.

"तितं काय हाय बघायला?" तिची आई, प्रभाताई, म्हणाल्या. "लोकं नेपाळला जातात, भूतानला जातात. बांगलादेशला कोण जातंय?"

"कुणी जात नाही म्हणूनच की गं!" इंद्रायणी हसत म्हणाली.

निघायच्या आदल्या दिवशी प्रभाताईंनी माझ्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी भरली. मग दम्याचा एक जादा पंप आणून चोरखिशात ठेवला आणि वरून सुईदोऱ्यानं चार पक्के टाके घातले. यात्रेला निघालेल्या बायका दागिने असेच शिवून नेतात, हरवू नयेत म्हणून. लेकीला सांगायचं मात्र राहून गेलं. रिक्षा हलली तेव्हा त्यांना आठवलं. हात वर झाला, तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. निघालेल्या माणसाला मागून हाक मारायची नसते ना! पुढं रोज फोन व्हायचा, "जेवलीस का?" व्हायचं, पण पंपाचा विषय निघाला नाही. माणूस परमुलखात असताना दुखण्याचं नाव काढू नये, अशी त्यांच्या घरची रीत.

इंद्रायणीच्या पाठीवर बसून मी बांगलादेश पाहिला. ढाक्याच्या चितारलेल्या सायकलरिक्षा पाहिल्या. टांगाईलला विणकरांच्या मागांची खटखट ऐकून तर भवानी पेठेतच आल्यासारखं वाटलं. आमच्याशिवाय दुसरा पर्यटक क्वचितच दिसायचा, त्यामुळं जो तो बोलावून चहा पाजायचा. बायका माझं कापड चिमटीत धरून पाहायच्या आणि मी फुगून जायची.

शेवटी आम्ही सुनामगंजला गेलो. तिकडं हाओर असतात, म्हणजे पावसाचं पाणी साठून झालेली अफाट तळी. नावेत आमच्याबरोबर नावाडी आणि त्याची बायको रुक्साना एवढीच माणसं होती. सकाळचं दाट धुकं होतं. रुक्सानानं चूल पेटवली, धूर पसरला आणि इंद्रायणीचा श्वास अडकला. तिनं कुर्त्याच्या खिशातला पंप दोनदा दाबला. तिसऱ्यांदा तो रिकामा निघाला.

तिनं मला उलटं केलं. कपडे, भाकरीचे तुकडे, वह्या, सगळं नावेत सांडलं. नवा पंप माझ्या पाठीत, चार टाक्यांच्या आड होता. 'इथं आहे गं, इथं!' मी जीव तोडून ओरडत होते. पण कापडाचं ओरडणं कुणाला ऐकू जातं? चोरखिसा तिनं कधी वापरलाच नव्हता. तिची बोटं त्यावरून फिरली. काहीतरी कडक लागलं, तो सॅकच्या पाठीतला पुठ्ठा असेल असं समजून पुढं गेली. तिचे ओठ निळे पडत होते. रुक्सानानं चूल विझवली, तिला छातीशी टेकवून बसवलं आणि पदरानं वारा घालत राहिली. दवाखाना दोन तासांवर होता. ते दोन तास मी औषध पोटात घेऊन तिच्या पायाशी पडून होते.

ती वाचली. दवाखान्यातून तिनं घरी फोन केला. "पंपच संपला गं आई. नाही, दुसरा नव्हता."

घरी आल्यावर इंद्रायणी आंघोळीला गेली, तेव्हा प्रभाताईंनी ब्लेडनं टाके उसवले. पंप मुठीत धरून त्या खूप रडल्या. मग माझ्यावरून हात फिरवत म्हणाल्या, "कुणाला सांगू नगंस बाई." मला त्यांचा राग आला आणि कीवही आली.

या गोष्टीला तीन वर्षं झाली. मी माळ्यावर आहे. इंद्रायणी कुठंच जात नाही. परवा तिची मैत्रीण केरळला चल म्हणत होती. "नको गं, माझं शरीर आता प्रवासाचं राहिलं नाही. दोन आठवडेसुद्धा पंप पुरला नाही मला," ती म्हणाली. प्रभाताई शेजारीच भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

मित्रांनो, जिवाची वस्तू जपून ठेवा, पण कुठं ठेवली ते सांगून ठेवा. निघालेल्या माणसाला मागून हाक मारावी लागली तरी मारा. मला तर काहीच करता येत नाही. पण तुमच्यापैकी कुणी सोलापुरात सहावीला असेल आणि भूगोलाला इंद्रायणी मॅडम असतील, तर उद्या वर्गात हात वर करा. आईंवर रागावू नका म्हणावं, आणि एवढंच सांगा, "मॅडम, दुसरा पंप होता."