उपग्रहाला हाक

हौशी रेडिओ क्लबचा वायरलेस सेट उद्या परत करायचा होता. नव्याने परवाना मिळालेल्यांमध्ये तो आळीपाळीने फिरतो. माझी पाळी संपत आली होती आणि उपग्रहामार्फत मी अजून एकाही माणसाशी बोलले नव्हते.

"हात अवघडला गं," मोठ्या जाऊबाई म्हणाल्या. स्टीलच्या मोजपट्टीचे तुकडे काठीला बांधून केलेला अँटेना त्यांनी गच्चीवर उभं राहून आकाशाकडे रोखला होता. "समोरचे म्हणत असतील, धाकटीने थोरलीलाही वेड लावलं."

"ताई, हलू नका. उगवतोय."

आजवर दर वेळी उपग्रह डोक्यावर आला की क्षणभर आवाज स्वच्छ येई आणि लगेच विरून जाई. मी अँटेनाला दोष देत होते. आज सकाळी वर्गात डॉप्लर परिणाम शिकवताना, जवळ येणाऱ्या गाडीची शिट्टी चढी, लांब जाणाऱ्या गाडीची उतरती, असं म्हणता म्हणता माझा खडू थांबला. उपग्रहही तसाच जवळ येतो नि लांब जातो, आणि घरी मी रिसीव्हर एकाच फ्रिक्वेन्सीवर ठेवून बसत होते!

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," हे ऐकून जाऊबाई म्हणाल्या होत्या.

आता मी फ्रिक्वेन्सी थोडी वर ठेवली आणि उपग्रह चढेल तशी हळूहळू खाली आणत गेले. आवाज लख्ख येऊ लागले. पण केवढी झुंबड! एकाचं संपायच्या आत दुसरा सुरू. माझी हाक त्यात बुडून जात होती, आणि उपग्रह उतरणीला लागला होता.

तेवढ्यात एक वयस्क आवाज आला. "सगळे जरा थांबा. एक नवीन स्टेशन हाक मारतंय, क्षीण आहे."

आणि सगळे थांबले.

मी बोलायचं बटण दाबलं, आणि काय बोलायचं तेच विसरले.

"अगं, बोल की!" जाऊबाई ओरडल्या.

मी माझी कॉल साइन, परवान्यावरची ओळखीची अक्षरं, सांगितली. पलीकडे तो वयस्क आवाज हसला. "दोघींचंही ऐकू आलं." मग त्यांनी माझी कॉल साइन अक्षर न् अक्षर बरोबर म्हणून दाखवली. "स्वागत आहे."

मी त्यांचे आभार मानले. मग नुसती खरखर उरली.

"झालं ना? मग रडतेस कशाला?"

"ताई, बाकीच्यांनाही बोलायचं होतं. त्यांच्यासाठीही उपग्रह मावळतच होता. तरी गप्प राहिले. ते कोण होते, हे मला कधीच कळणार नाही."

जाऊबाईंनी अँटेना आणखी थोडा वेळ क्षितिजाकडे तसाच धरून ठेवला.