बसलेली माता

श्रावणातल्या ओलसर उन्हात हमरापूरच्या कारखान्यांतून रंगाचा वास दरवळू लागला, की मला वैजयंतीचा रोखलेला श्वास आठवतो. गणेशमूर्तींच्या नेत्रांची आखणी तिच्याकडे असे. कुंचला बुबुळाशी टेकण्यापूर्वी तिचा देह वारा न शिरणाऱ्या गाभाऱ्यातल्या ज्योतीसारखा निश्चल होई. रेषा पुरी झाली की मगच उच्छ्वास सुटे, आणि इतका वेळ माती असलेले ते मुख आपल्याकडे पाहू लागे.

पेणच्या शाळेत ती माझ्याकडे संस्कृत शिकली. शब्दांपेक्षा तिला मौनच अधिक वश होते, आणि तेच मौन घेऊन ती पुढे रंगभूमीवर गेली. पेणच्या हौशी नाटकमंडळींनी रचलेल्या खेळात ती भारतमाता होई. प्रारंभापासून ती नुसती उभी असे. एकामागून एक माणसे येत, तिचा जयजयकार करीत, आणि तिच्या अंगावर काहीतरी ठेवून जात: कोणी हार, कोणी मुकुट, कोणी कंपनीने खाडीकाठच्या भातजमिनी घेतल्याचे कागद. जयघोष चढत जाई, बाहू भाराने कापू लागत, मुद्रा मात्र ढळत नसे. शेवटी ती सारे एकेक करून खाली ठेवी आणि लावणी उरकून बांधावर टेकणाऱ्या बाईसारखी, पाय पसरून, भुईवर बसे. एवढेच. पेणच्या प्रयोगाला त्या क्षणी मागून कुणा शेतकरी म्हातारीचा हळवा स्वर आला होता, “दमली गो बाय माझी.”

पुढचा प्रयोग रोह्याला ठरला. तिथल्या सभागृहाच्या समितीला ते बसणे मातेचा अवमान वाटले, आणि मी शास्त्र जाणतो म्हणून निवाड्यासाठी समितीचे लोक माझ्या ओसरीवर आले. वैजयंतीही आली होती.

“उभी ऱ्हायली तर आमची हरकत नाय,” अध्यक्ष म्हणाले. “पन माता अशी बसलेली कुठं सांगितलीय काय, गुरुजी? तुम्ही बोलाल ते आम्हाला मान्य.”

वैजयंतीने माझ्याकडे पाहिले. नित्य प्रातःकाळी मी जिची पूजा करतो ती देवी पद्मासनस्थ आहे. तिचा ध्यानश्लोक त्या वेळीही माझ्या जिभेवर होता. एक वाक्य पुरे होते. मी उपरणे सावरले आणि म्हणालो, “नाटकातलं मला काय कळतं?”

आखणी संपल्यावर सुटावा तसा वैजयंतीचा श्वास सुटला. फक्त या वेळी समोर कोणतेही डोळे उघडले नाहीत. उभे राहून खेळ करायला तिने नकार दिला. रोह्याचा प्रयोग झाला नाही, नाटकमंडळी पांगली, आणि ती त्याच कंपनीच्या शिफ्टमध्ये रुजू झाली.

गेल्या भाद्रपदात तिच्या घरच्या कारखान्यात मूर्ती आणायला गेलो, तेव्हा ती सुट्टीवर घरी आली होती. मी भिंतीचा आधार घेतलेला पाहून तिने स्टूल पुढे सरकवले.

“बसा गुरुजी. तुम्हाला कोन शास्त्र विचारतंय?”

आवाजात थट्टा होती, कडवटपणा नव्हता. तो असता तर बरे झाले असते. मी विचारले, “यंदाची आखणी तुझीच ना?”

“नाय. धाकट्या भावजयीची. मला आता श्वास धरता येत नाय.”

हल्ली सायंआरतीला सारे उभे असतात, आणि माझ्यासाठी कोणीतरी न सांगता खुर्ची मांडते. समोर देवी बसलेली असते, मीही बसलेला असतो. निरांजनाचा प्रकाश आम्हा दोघांवरून फिरून मधल्या रिकाम्या जागेत क्षणभर थबकतो. सरत्या काळाने एवढी एकच जागा मागे ठेवली आहे, आणि तिथे एक दमलेली बाई अजून उभीच आहे.